माझ्या नावावर त्यांचा आजार

आमच्या नांदेडच्या व्याह्यांइतका संशयी माणूस गोदावरीच्या दोन्ही काठांवर झाला नसेल. सूर्य पूर्वेला उगवला तरी ते शेजाऱ्याला विचारून खात्री करून घेत. मी हे कौतुकानं सांगत नाही. माझा त्यांच्यावर राग आहे आणि तो माझ्या लेकीच्या लग्नापेक्षाही थोडा जुना आहे.

भूकंपानंतरच्या वर्षी ते लातूरला मुलगी बघायला आले. पोह्यांच्या बशा आल्या, मुलगी आत साडी नेसून तयार, आणि हे गृहस्थ उठून बैठकीच्या भिंतीवर बोटाच्या पेरानं टकटक करत फिरू लागले. "इवाई, पोरगी मागून बघू. आदी भिंत बघू द्या." आमच्याकडं व्याह्याला इवाई म्हणतात. सोयरीक ठरायच्या आधीच त्यांनी मला इवाई करून टाकलं होतं. दाराशेजारच्या कोपऱ्यात थांबले, पुन्हा वाजवलं, कान लावला. "हितं पोकळ वाजून राहिलं." ते घर मी वेल्डिंगच्या ठिणग्या अंगावर झेलून, एकेक वीट पारखून बांधलेलं. भूकंपात त्याला केसाएवढी भेग गेली नव्हती. लेकीचं लग्न करून दिलं मी, पण ते 'पोकळ' विसरलो नाही.

भूकंपापासून ते स्वतःच्या घरी खुर्ची दाराच्या चौकटीतच टाकून बसत. घर पडलं तरी चौकट पडत नाही, असं त्यांनी कुणाकडून तरी ऐकलं होतं. येणाऱ्याजाणाऱ्यानं त्यांना ओलांडून जायचं. एसटीत बसायच्या आधी गाडी नक्की कंधारलाच जाते ना, हे कंडक्टरला विचारत आणि पुढं जाऊन ड्रायव्हरला वेगळं विचारत. "दोघांचं जुळलं तरच बसावं."

माझा धंदा लोखंडी कॉटचा. लातुरात क्लासेसचं पीक आलं, गल्लोगल्ली खोल्यांत पोरं राहू लागली आणि त्यांना पाठ टेकायला कॉट मी पुरवल्या. इवाई दुकानात आले की एकेक कॉट हलवून बघत. "ही कुरकुरते. हिच्यावर झोपून पोरगं डॉक्टर होनार, अन् ते मला तपासनार."

नेमकं तसंच झालं. आधी त्यांना तोंडाचा कॅन्सर होऊन गेला होता, तंबाखूचा. गाल कापला, किरणांची लाईट घेतली, तंबाखू सोडली आणि हैदराबादहून वाकडं हसू घेऊन ते परत आले. सात वर्षांनी पोट दुखू लागलं. नांदेडच्या एका तरुण डॉक्टरनं नळी घालून तुकडा काढला, तपासायला पाठवला आणि सांगितलं, आतड्याचा कॅन्सर आहे. जुना पसरलेला नाही, हा नवा, वेगळाच. महिन्याच्या आत ऑपरेशन करायला हवं.

"जुनाच परत आला म्हणला असता तर मी मानलं असतं," ते मला फोनवर म्हणाले. "नवा कसा काय? तंबाखू तर सोडली की म्या. अन् पोरगं कुठलं, तर तुमच्या लातूरच्या क्लासचं. चार उत्तरांतलं एक निवडायची सवय. जुनी फाईल बघितली, कॅन्सर दिसला, केली खूण."

त्यांचा मुलगा सांगून थकला, माझी लेक रडली, पण हे ऑपरेशनला तयार होईनात. तीन आठवडे असेच गेले. मग ते एकदम गप्प झाले. ते गप्प बसले की काहीतरी शिजतंय, हे मी ओळखून होतो.

एका सकाळी लातूरच्याच एका लॅबमधून दुकानात फोन आला. माझं नाव घेऊन म्हणाले, "तुमचा रिपोर्ट तयार आहे. सोबत घरातलं कोणी आणा." मी कसला नमुना दिलाच नव्हता. तणतणत एकटाच गेलो. लॅबमधल्या बाईंनी खुर्ची दिली, पाणी दिलं. कागदावर माझं नाव, माझं वय आणि खाली आतड्याचा कॅन्सर.

"मी इथं पहिल्यांदा येतोय," मी आवाज चढवला.

"काका, सुरुवातीला सगळे असंच म्हणतात."

मी स्वतःला पक्का माणूस समजतो. तरी हात आपोआप पोटावर गेला आणि सकाळी जरा दुखलं होतं का, ते मी आठवू लागलो. बाईंनी तपासलेल्या तुकड्याच्या काचा परत दिल्या. "तुमचे पाहुणे देऊन गेले होते. बराच वेळ भिंतीवर टकटक करत होते."

मी तिथूनच नांदेडची बस धरली. इवाई चौकटीत बसलेले.

"माझं नाव कशाला दिलं?"

"काचा माझ्याच, हितल्या दवाखान्यातून मागून आणल्या. पर नाव माझं दिलं असतं तर जुनं बघून तेच उतरवलं असतं. तुमची तब्येत दगडासारखी. तुमच्या नावावर आजार लिहायला कुनालाबी दोनदा विचार करावा लागंल." त्यांनी हात पुढं केला. "काय आलं?"

भांडायचे शब्द मी बसमध्ये सगळे जुळवून ठेवले होते. ते तसेच ठेवून मी कागद दिला. दोघांचं जुळलं होतं.

"नाव वाचून कसं वाटलं तुम्हाला?"

"हातपाय गार पडले."

"हाव," ते म्हणाले. "माझे दुसऱ्यांदा पडले."

मी खाली उंबऱ्यावर बसलो. आयुष्यभर घासाघीस केली, पण इतक्या हळू आवाजात कधी नाही.

"उद्या ॲडमिट व्हा."

"उद्या अमावस्या हाय."

"मग परवा."

"तुमी येनार?"

"येतो."

"बाकावर बसायचं न्हाई. दारात उभं राहायचं, चौकटीत."

"राहतो."

ऑपरेशनचे चारही तास तसाच उभा राहिलो. बसा म्हणणाऱ्या सिस्टरशीही भांडलो.

त्यानंतर ते सहा वर्षं जगले आणि गेले ते त्या दोन्हींपैकी एकाही आजारानं नाही. परवा घराला रंग द्यायला सामान हलवलं, तेव्हा दाराशेजारचा तो कोपरा मोकळा झाला. कुणी बघत नाही असं पाहून मी पेरानं वाजवलं. मग हातभर बाजूला वाजवलं. फरक वाटला, आणि पुन्हा वाजवल्यावर वाटला नाही. एकट्या माणसाच्या कानावर किती भरवसा ठेवायचा. जुळवून बघायला दुसरा कान लागतो.