बारावा रकाना

आमच्या इमारतीची लिफ्ट ज्याच्या हाती आहे आणि जो याच इमारतीत राहतो, त्याला सगळे मिस्त्री म्हणतात. दिवसभर तो लिफ्टच्या खड्ड्यात असतो आणि घरी आल्यावर एका जुन्या कॉम्प्युटर गेमच्या पोटात. गेम काढणारी कंपनी केव्हाच बुडाली. चित्रं, आवाज, नकाशे, सगळं तिने एकाच फाइलीत कोंबून ठेवलं होतं. ती फाइल उघडून दाखवणारं आणि हवं ते बदलू देणारं टूल मिस्त्रीने लिहिलं आणि जगभर फुकट वाटलं. फुकट असल्यामुळे तक्रारींना तोटा नव्हता.

गेममधल्या घोड्याच्या नोंदीत बारा आकडे आहेत. रंग, वजन, भूक, वेग असे अकरा त्याने ओळखले. बाराव्या रकान्यापुढे 'माहीत नाही' लिहून ठेवलं. तेवढं कळलं की आवृत्ती एक जाहीर करायची, हात झटकायचे आणि टेबल बायकोच्या शिलाई मशीनला द्यायचं, असा शब्द त्याने दिला होता. टूल सोळा वर्षं ०.९ वरच अडून बसलं. मशीन पलंगाखाली राहिली. मिस्त्रीची मान कायमची धरली.

"तुझा घोडा आता म्हातारा झाला असेल," बायको म्हणायची.

"तो नाही गं होत. मीच होतोय."

यंदा गेमच्या मूळ प्रोग्रॅमरचा पत्ता लागला. त्या निवृत्त माणसाने दोन ओळींत कळवलं, की बारावा रकाना कशालाच जोडलेला नाही. पुढेमागे लागेल म्हणून जागा ठेवली होती, लागली नाही.

मिस्त्रीने ते दोनदा वाचलं. चहा प्याला. मग रकाना काढून टाकला आणि रविवारी सकाळी आवृत्ती एक जाहीर केली. दोघांनी मिळून मशीन टेबलावर चढवली. कॉम्प्युटर कोपऱ्यात सरकला.

दुपारच्या जेवणापर्यंत अठ्ठावीस तक्रारी आल्या. बाराव्या रकान्यात सात घातले की घोडा जोरात पळतो, हे म्हणे मिस्त्री सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. एका बाईंनी लिहिलं होतं, "आमचे हे दहा वर्षं सातच घालतात. आज घोडा पार मरगळलाय, आणि हेही."

मिस्त्रीने जुनी आवृत्ती लावली, बायकोच्या हातात घड्याळ दिलं आणि घोडा गेममधल्या पुलावरून पळवला. रकान्यात शून्य असताना एक्केचाळीस सेकंद. सात असताना एक्केचाळीस सेकंद.

"बघितलंस?"

"बघितलं. पण सातचा जरा ऐटीत पळाला हं."

"तूसुद्धा?"

"बरं, मग आपल्या लिफ्टमधलं ते दार लवकर मिटायचं बटण?"

मिस्त्रीने मान चोळली. "त्याची वायर जोडलेलीच नाहीये. पहिल्यापासून."

"काय सांगतोस! मी रोज दाबते ते!"

"माहितेय."

"मग काढून का नाही टाकलंस?"

"लोकांना दाबायला लागतं काहीतरी," मिस्त्री म्हणाला, आणि बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं.

बायकोच्या ते आधीच लक्षात आलं होतं. तिने मशीनवर झाकण घातलं.

संध्याकाळी आवृत्ती एक मागे घेतली गेली आणि ०.९१ निघाली. तिच्यात बारावा रकाना जागच्या जागी आहे. त्याच्यापुढे आता काहीच लिहिलेलं नाही.

"त्या बाजूने धर," बायको मशीनपाशी वाकून म्हणाली. "आणि मान सांभाळ."