एका हाकेत उठणारी गाडी

जगात कायमचं असं काहीच बिघडत नाही, फक्त त्याची कुणी नीट विचारपूस केलेली नसते, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी आजवर पाहिला आणि तो नेमका माझा सासरा निघाला. हडपसरला त्यांचा एक जुना ट्रक होता. मांजरी गावचा ऊस वाहण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली होती आणि आता तो घरासमोर उभा असे. आजूबाजूला काचेच्या इमारती उठत होत्या. पण सासऱ्यांना कौतुक त्या इमारतींचं नव्हे, तिथे खडी टाकायला येणाऱ्या ट्रकचं. जेवताना हातातला घास तसाच धरून ते कान टवकारत. "एक सिलिंडर मुका हाय. ड्रायव्हरला हाक मारा, पाणी द्या." मग त्या परक्या ड्रायव्हरची उलटतपासणी सुरू होई. "शेवटची नीट कधी चालली? आन् बिघडायच्या आधी तुमी तिला काय केलं?" सगळी उत्तरं मिळाल्याशिवाय पान्याला हात लावायचा नाही, हा त्यांचा नेम. एवढ्या चौकशीनंतर निम्मे ड्रायव्हर आपला गुन्हा आपणच कबूल करत.

मी कसबा पेठेतला. मुलगी बघायला गेलो तेव्हा पोहे येण्याआधीच हे गृहस्थ रस्त्यावरच्या कुणाच्या तरी इंजिनात शिरले होते. काळ्या हातांनीच परत आले आणि नोकरी, पत्रिका, गोत्र सगळं बाजूला ठेवून त्यांनी मला विचारलं, "सकाळी एका हाकेत उठता, का धक्का लागतो?" माझी आई तत्परतेने म्हणाली, "अहो, हाका मारून माझा घसा बसतो." ते क्षणभर विचारात पडले. "थंडीत हुतं तसं. लग्नानंतर सुधारंल." लग्न ठरलं. मी अजून सुधारलेलो नाही.

पुढे माझा मेहुणा कॉम्प्युटर कंपनीत लागला. त्याला घर वाढवायचं होतं. दिवाळीपर्यंत ट्रक हलवा, असं तो अगदी अजिजीने म्हणाला. गिऱ्हाइकं दोन होती. एक भंगारवाला, तो गाडी जागेवरच कापून नेणार होता. दुसरा मांजरीचा नर्सरीवाला. त्याला रोपं वाहायला गाडी हवी होती, पण अट एकच: घरापासून नर्सरीपर्यंत ती कुठेही न थांबता आली पाहिजे. सासऱ्यांचा सगळा जीव या दुसऱ्या गिऱ्हाइकात अडकला. "तिला तिच्या पायानं जाऊ द्या, जावईबापू," ते म्हणत, "तुकडं करून न्हाय."

गाडी एका हाकेत उठे आणि नर्सरीच्या वाटेवरच्या कालव्याच्या पुलाशी आली की अडखळत अडखळत बंद पडे. सासरे उतरत, टाकीचं झाकण उघडून काठी बुडवून डिझेल बघत, झाकण लावत, बॉनेट थोपटून म्हणत, "चल माझे बाय." आणि गाडी खरंच सुरू होई! थोपटण्याचा हा गुण ते अभिमानाने सांगत. इकडे फिल्टर बदलून झाला, नोझल साफ झाले, पाइपांतली हवा काढून झाली, तरी पुलाशी तेच. नर्सरीवाला म्हणाला, "थोपटायला तुमाला रोज संगं न्यायचं का?" आणि उद्या शेवटचं बघतो, असं सांगून गेला.

त्या दिवशी सासरे जेवले नाहीत. सासूबाई मटार सोलत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "गावाला इचारता, ते सोताला इचारलं का? बिघडायच्या आधी तुमी तिला काय केलं?"

"काय करनार? खंडेनवमीची पूजा केली."

 एवढं बोलून ते उठून गाडीपाशी गेले, मी मागोमाग. इंजिन चालू केलं, ते अडखळायला लागेपर्यंत थांबले आणि झाकण फिरवलं, तशी टाकीने फुस्सकन हवा ओढून घेतली. झाकणाला हवेसाठी बारीक भोक असतं; ते बुजलं की डिझेल पुढे सरकत नाही. दर खंडेनवमीला सासरे तिथे गंध-कुंकू लावत आणि त्या वर्षी शेवटची पूजा म्हणून त्यांनी चांगला जाड थर दिला होता. गाडी त्यांच्या मायेनेच गुदमरत होती आणि थोपटण्याआधी झाकण उघडल्यामुळे श्वास घेत होती. त्यांनी सासूबाईंच्या बांगडीला अडकवलेली पिन मागून घेतली आणि ते भोक मोकळं केलं.  मला ते फार आपलेसे वाटले.

दुसऱ्या दिवशी गाडी कालव्याचा पूल ओलांडून थेट नर्सरीत जाऊन थांबली. येताना आम्ही बसने आलो. रस्ताभर त्यांना हसू आवरत नव्हतं.

नर्सरीवाला भला माणूस. दर खंडेनवमीला तो झेंडूच्या कुंड्यांनी भरलेली गाडी पूजेला घेऊन येतो. सासरे चाकांना, स्टिअरिंगला कुंकू लावतात. झाकणाला फक्त लांबून हात जोडतात. हल्ली त्यांना ऐकू येत नाही. यंदा इंजिन सुरू झालं तेव्हा त्यांनी बॉनेटवर तळवा टेकला, बराच वेळ तसेच उभे राहिले आणि मग माझ्याकडे वळून विचारलं, "जावईबापू, समदे सिलिंडर बोलत्यात न्हवं?"

मला इंजिनातलं ओ की ठो कळत नाही. तरी मी कान देऊन ऐकलं आणि त्यांना दिसेल अशी जोरजोरात मान डोलावली.