पाच भोकांची खोबण

बुधवार, १२ ऑक्टोबर २००५. दसरा. नळाचं पाणी उशिरा. दूध नासलं. समोर दयानंदरावांकडे सकाळपासून आरडाओरडा.

भुकूमच्या नव्या इमारतीत बिऱ्हाड आणताना दयानंदरावांनी सगळ्यात जपून आणला तो एक पिवळा पडलेला जुना कॉम्प्युटर. सांगलीला नकाशे काढायच्या नोकरीत असताना त्यांनी त्यावर ठिपके जोडून मराठी अक्षरं रचली होती, अ पासून ज्ञ पर्यंत. रोज रात्री जेवणं झाली की हेच. ती टेपच्या कॅसेटींवर साठवलेली, आता त्या कॅसेटींना बुरशी लागलेली. एकच कशीबशी चालायची. तीही गेली की अक्षरं गेली. त्याआधी ती नव्या पीसीत उतरवायची होती.

पौड रस्त्यावरचा दुकानदार त्यासाठी लागणाऱ्या केबलचं नाव ऐकून हसला. "काका, देऊन टाका ना भंगारात!"

दयानंदरावांना त्या हसण्याची किळस आली. घरी येऊन त्यांनी दारावरच्या जुन्या घंटेची वायर सोलली. एका टोकाला पाच काड्यांचा गोल प्लग, दुसऱ्याला नऊ भोकांचा चपटा. तारांना शिशाचा डाग देताना अंगठा भाजला, पण केबल झाली. दसऱ्याच्या सकाळी ती दोन्हीकडे जोडली.

पीसीवर काहीच उमटेना. तारा पुन्हा तपासल्या, बरोबर होत्या. मग त्यांनी जुन्या कॉम्प्युटरच्या खोबणीत बॅटरी मारली. हळदकुंकवाचा ओलसर थर, त्यात हिरवा गंज, कुजक्या अक्षता आणि एक मेलेला सोंडा, तांदळातला किडा.

"शारदा! बघ तुझी पूजा!"

शारदाबाई पदराला हात पुसत आल्या. "माझी? दर दसऱ्याला तबक मी धरत होते. बोट तुमचं होतं. वर लावलं तर पुसलं जातं म्हणून या भोकाशी लावायचात."

जुना टूथब्रश आणि स्पिरिट घेऊन ते नाक दाबत खोबण खरवडत बसले. बाहेर आलं ते कागदावर पडलं तेव्हा त्यांनी तोंड फिरवलं.

कॅसेट लावली. या वेळी पीसीवर अक्षरं उतरू लागली. अ, आ, इ... क, ख... म पर्यंत आली आणि थांबली. त्यांनी प्लग जरा दाबला, मग काढून पाहिला. गंजलेली खोबण प्लगबरोबरच हातात आली. आतली तांब्याची पट्टीसुद्धा कुजून उखडली होती. डाग द्यायला जागाच उरली नाही.

"उरलेली पुन्हा काढा की," शारदाबाई हळूच म्हणाल्या.

"डोळे राहिलेत का तेवढे? शी! स्वतःच्या हातानं घाण केली मी."

संध्याकाळी त्या तबक घेऊन आल्या. पीसीकडे पाहत थबकल्या.

"याला लावायचं की नाही?"

दयानंदरावांनी पडद्याची काच बाहीनं पुसली.

"काचेवर लाव," ते म्हणाले. "आणि तूच लाव."

रात्री आपट्याची पानं द्यायला शारदावहिनी आल्या, त्यांच्याकडून हे कळलं. आमच्याही तांदळाच्या डब्यात सोंडे झालेत, उद्या ऊन दाखवायचं.