तिसऱ्या वायरीच्या तीन गाठी

हे नवऱ्यालाही ठाऊक नाही. आणि माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे इंग्लंडातल्या अख्ख्या मिल्टन कीन्सच्या मराठी मंडळींना ठाऊक आहे — शेजारणीच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा तिच्या सख्ख्या मावशीच्या आधी मी चार जणींना सांगून मोकळी झाले होते. अशा बाईने एक गोष्ट चार वर्षं पोटात ठेवली. का ठेवली असेल? बसा, सांगते. पण मला माझ्या पद्धतीने सांगू द्या, कारण आधी इंजिनाबद्दल बोलल्याशिवाय मला पुढचं बोलताच येणार नाही.

माझा एक पिकअप आहे. पेट्रोलवरचा, पंचवीस वर्षांचा, एके काळी लाल असावा. माझ्या ऑफिसातले लोक बॅटरीवरच्या गाड्या घेतात, आणि मी हे धूड घेतलं — अलॉटमेंटवर, म्हणजे भाड्याच्या भाजीच्या तुकड्यावर, खत न्यायला, कचऱ्याच्या टिपवर जुना सोफा टाकायला, असं मी सगळ्यांना सांगते. खरं कारण वेगळं. याचं बॉनेट उघडलं की आत इंजिन दिसतं! हल्लीच्या गाड्यांचं उघडा, प्लास्टिकचं झाकण दिसतं. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे, दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधायचा पगार घेते, आणि चूक सापडली की मला जो आनंद होतो ना, तो मला लग्नातसुद्धा झाला नव्हता. नवऱ्याला हे माहीत आहे.

तर चार वर्षांपूर्वी, सप्टेंबरात, हा पिकअप झटके द्यायला लागला. कोरड्या हवेत शहाण्यासारखा चालायचा. जरा भुरभुर पाऊस आला, की राउंडअबाउटमधून बाहेर पडताना फट्-फट् करत मान हलवायचा. आणि आमच्याकडे दर दोन मिनिटांनी एक राउंडअबाउट! मी इंटरनेटवर वाचून एअर फिल्टर बदलला, पेट्रोल फिल्टर बदलला. काही फरक नाही. मग मी मेश्रामकाकांना बोलावलं.

मेश्रामकाका म्हणजे माझी मैत्रीण सुजाता, तिचे वडील. नागपूरच्या बसडेपोत तीस वर्षं मेकॅनिक होते. काकू गेल्यावर सुजाताने त्यांना इकडे आणलं. इथे आल्यावर माणसाला करायला काय? सकाळी रेडवेच्या लाल पायवाटेवर चालायचं, दुपारी खिडकीत बसायचं. त्यांचा उजवा हात थोडा थरथरायचा, आणि सुजाताला सारखी धास्ती — बाबा विसरायला लागलेत, बाबा गॅस चालू ठेवतील. आपल्याकडे लक्ष ठेवलं जातंय, हे काकांना कळत होतं. अशा माणसाला मी म्हटलं, काका, माझी गाडी बघता का? अहो, तो चेहरा! चपला न घालताच निघाले होते. सुजाताने हाक मारून थांबवलं.

गाडी मिसिंग मारतेय, एवढंच म्हणाले ते, इंजिन ऐकून; म्हणजे एखाद्या सिलिंडरात ठिणगीच पडत नाही. मग मला गॅरेजचं शटर खाली ओढायला लावलं, दिवेही बंद. झाडांवर पाणी मारायची माझी बाटली घेतली आणि चालू इंजिनच्या प्लगवायरींवर हलकेच फवारा मारला. आणि मला दिसलं! त्या अंधारात वायरींवरून निळ्या ठिणग्या पळत होत्या, तड्-तड्-तड्. ठिणगी प्लगपर्यंत जायच्या ऐवजी वायर फोडून बाहेरच उड्या मारत होती. मी टाळ्या वाजवल्या. चाळिशीची बाई, टाळ्या वाजवल्या मी! काका हसत म्हणाले, हे पाहून त्यांनासुद्धा दर वेळी असंच होतं. लगेच शटर उघडायला लावलं, धुराने गुदमरशील म्हणाले.

नव्या वायरी मागवल्या. त्या आल्या नवरात्रात, आणि मग काकांनी मला ती गोष्ट शिकवली. चारही वायरी एकदम काढायच्या नाहीत. एक काढायची, एक लावायची. आणि लावताना वायरीला जाड पांढरा दोरा बांधायचा — पहिल्या सिलिंडरच्या वायरीला एक गाठ, दुसऱ्याच्या दोन, तिसऱ्याच्या तीन, चौथ्याच्या चार. डोळ्यांना दिसलं नाही तरी बोटांना कळतं. डेपोत हजारो वायरी लावल्या, म्हणाले, गाठीशिवाय एक नाही लावली. ते गाठ मारत तेव्हा हात थरथरत नव्हता. हे मी स्वतः पाहिलंय.

ती खंडेनवमीची दुपार होती. दुसऱ्या दिवशी दसरा, म्हणजे काकांच्या मंडळींचा धम्मचक्र प्रवर्तन दिन. हॉलवर मोठा कार्यक्रम, आणि ठरलं होतं की सगळं सामान माझ्या पिकअपमधून जाईल — पुस्तकांची खोकी, टेबलं, बाबासाहेबांची मोठी फ्रेम, खिरीचं पातेलं. काकांनी सगळ्यांना फोन करकरून सांगितलं होतं, गाडी मी तयार करून राहिलो, काही काळजी करू नका. बॅटरी चार्जिंगला लावली होती, म्हणून इंजिन चालू करून बघता आलं नाही. जाताना मला बजावून गेले, आता कशाला हात लावू नको, सकाळी मी येऊन चालू करतो.

आणि मी हात लावला.

का? तर खंडेनवमी! अवजारांची, गाडीची पूजा. पुण्यात लहानपणापासून केलेली. आईचा व्हिडिओ कॉल चालू होता, फोन एका हातात, आई तिकडून म्हणतेय, तो डाग पूस आधी, घाणीवर कुंकू लावतेस का? इंजिनाच्या झाकणावरून वायरी जात होत्या, त्या आड येत होत्या. मी दोन उपटल्या, झाकण चकचकीत पुसलं, वायरी परत दाबून बसवल्या, हळद-कुंकू वाहिलं, अलॉटमेंटवरचा झेंडू ठेवला, फोटो काढला, आईला पाठवला. मग लगेच सगळं पुसूनही टाकलं. काका असलं काही मानत नाहीत, आणि उद्या त्यांचा दिवस, आणि माझं हे कुंकू — मला लाज वाटली. त्या वायरींबद्दल माझ्या मनात काहीही आलं नाही. दोनच तर होत्या.

सकाळी काका आले ते पांढऱ्याशुभ्र शर्टात. सामान चढलं. आमच्या ड्राइव्हवेमध्ये वीसेक माणसं, सगळी पांढऱ्या कपड्यांत, लहान पोरं कठड्यावर. काकांनी बॅटरी जोडली, शर्टला डाग लागू न देता, आणि मला ऐटीत खूण केली, मार स्टार्टर. मी किल्ली फिरवली.

काय सांगू तुम्हाला! गाडी अशी हादरली की खिरीच्या पातेल्यावरचं झाकण खाली पडलं. फाट्कन आवाज झाला, एक पोर रडायला लागलं, समोरच्यांचं कुत्रं भुंकत सुटलं. काका पुढे वाकले, हात आत घालणार, तेवढ्यात सुजाताने त्यांचं मनगट धरलं. थरथरणारं मनगट, सगळ्यांदेखत. "बाबा, राहू दे आता," ती म्हणाली. रागाने नाही, अगदी मऊ आवाजात म्हणाली. काकांनी हात मागे घेतला. सामान चार गाड्यांत वाटलं गेलं, आणि काका सुजाताच्या गाडीत मागच्या सीटवर जाऊन बसले. मी म्हटलं, तुम्ही व्हा पुढे, मी बघते.

आणि आता ऐका, कारण हेही मला कबूल करायचंय — मला मजा येत होती. बिचारे काका वगैरे मनात होतं, पण हात शिवशिवत होते! इंजिन चालू ठेवलं, रबरी मुठीच्या पकडीने एकेक वायर काढून बघितली. पहिली काढली, इंजिन अजून लंगडलं, म्हणजे पहिला सिलिंडर काम करतोय. दुसरी, तसंच. तिसरी काढली, काही फरक नाही. चौथी, काही फरक नाही. शेजारशेजारचे दोन मेलेले! एक तर आतलं गास्केट गेलंय, नाहीतर वायरींची अदलाबदल झालीय. मी एकटीच ओरडले, सापडलं! इंजिन बंद केलं, चौथ्या प्लगची वायर हातात घेतली, बोटं फिरवली.

तीन गाठी.

तिसऱ्यावर चार गाठी. काकांनी बरोबर लावलं होतं. त्यांच्या हाताने एकही चूक केली नव्हती. फडकं, फोन, आईचा आवाज, दोन उपटलेल्या वायरी — सगळं एका क्षणात आठवलं.

मी वायरी जागच्या जागी लावल्या. किल्ली फिरवली. गाडी अशी चालली, अशी गोड चालली! ते ऐकत मी मिनिटभर उभी राहिले. मग इंजिन बंद केलं, काकांच्या पेटीतली छोटी कात्री घेतली आणि दोरे कापले. चारही. दोनच कापले असते तर विचित्र दिसलं असतं, इतकं माझं डोकं चालत होतं. घाबरून हात सुटला असं नाही, नीट विचार करून कापले. दोरे कचऱ्याच्या डब्यात टाकले आणि वर चहाचा चोथा टाकला.

पिकअप घेऊन मी हॉलवर गेले तर पोरांनी आरोळ्या ठोकल्या. कोणीतरी विचारलं, काय झालं होतं, आणि मी सांगितलं, तिसऱ्या-चौथ्या सिलिंडरच्या वायरी उलट लागल्या होत्या. कोणी लावल्या, ते मी बोलले नाही, आणि बोलायची गरजही पडली नाही, सगळे काकांकडे बघायचं टाळत होते. थोड्या वेळाने काका कार पार्कमध्ये आले. त्यांनी बॉनेट उघडायला लावलं नाही. फक्त विचारलं, "गाठी होत्या ना वो, पोरी?"

होत्या म्हणायला किती वेळ लागतो? मी त्यांच्या डोळ्यांत बघून म्हटलं, "नव्हत्या, काका."

त्यांनी स्वतःच्या बोटांकडे बघितलं. मग म्हणाले, राहिल्या असतील.

पुढच्या आठवड्यात त्यांनी हत्यारांची पेटी माझ्याकडे पाठवून दिली. डेपोतली, लोखंडी, झाकणावर त्यांचं नाव कोरलेली. सुजाताने त्यांना स्मृतीच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि सांगितलं, काही झालेलं नाही, वयाच्या मानाने उत्तम आहे. काका ते मानत नाहीत. त्या डॉक्टरला काय माहीत, मी गाठी मारायला विसरलो होतो, असं म्हणतात. घराला कुलूप लावलं का, हे सुजाताला तीन-तीनदा विचारतात. साधा बल्ब बदलायचा तरी मला बोलावतात, आणि मी जाते, आणि ते खाली उभे राहून शिडी धरतात.

आणि मी काय केलं? मी त्या दिवसाचा किस्सा केला. दिवाळी फराळाला, वाढदिवसाला, इंजिनाचे आवाज काढून, कुत्र्यासकट. गास्केट की वायरी, आणि मी कसं पकडलं! हशा पिकतो. एकदा काका समोर बसले होते. तेही हसले.

पूजेचा तो फोटो माझ्या फोनमध्ये आहे. मोठा करून बघितला की झेंडूच्या मागे गाठी मोजता येतात.

गेल्या शनिवारी पिकअप पुन्हा झटके द्यायला लागला. मी बाटली घेतली, शटर खाली ओढलं, फवारा मारला, आणि त्या निळ्या ठिणग्या पुन्हा पळाल्या, आणि पुन्हा मला तसाच आनंद झाला, जसाच्या तसा! नव्या वायरी लावल्या. एक काढायची, एक लावायची. काकांच्या पेटीत त्यांचं दोऱ्याचं रीळ होतं, त्यातला दोरा घेऊन गाठी मारल्या. गाडी गोड चालली. आणि हा आनंद सांगायला मी आधी फोन कोणाला करावा? काकांना. हात धुवायच्या आधी.

काकांना खूप आनंद झाला. इंजिनाजवळ फोन धर म्हणाले, पूर्ण मिनिटभर ऐकत राहिले. मग विचारलं, गाठी मारल्या का? मी म्हटलं, मारल्या, चारही.

"शहाणी आहेस," ते म्हणाले. "माझ्यासारखं विसरू नको, बाप्पा."

मी म्हटलं, "नाही विसरणार, काका."