सरकारी सव्वानऊ

सिंगापुरात अकरा वर्षं काढून ज्यांनी सिंगापूरची वेळ फक्त एकच दिवस मान्य केली, असे गृहस्थ जगाच्या पाठीवर एकच आहेत आणि ते नेमके माझे चुलतदीर आहेत. भावोजींचं म्हणणं असं, की इथलं घड्याळ खोटं बोलतं. कुठल्याशा जुन्या सरकारने शेजाऱ्यांशी जुळवून घ्यायला काटे पुढे ढकलले आणि तेव्हापासून हा देश सूर्याच्या एक तास पुढे पळतो आहे. पुरावा म्हणून त्यांनी अंगणात एक बांबू रोवला होता. "वहिनी, सावली बघा," म्हणून ते मला भर उन्हात उभं करायचे. माझ्या घड्याळात एक वाजलेला असायचा आणि सावली बांबूच्या पायाशी मुटकुळं करून बसलेली असायची. सूर्य डोक्यावर म्हणजे बारा, वाफ्यातल्या माठाला विचारा, भेंडीला विचारा, सरकारला काय विचारता, असा त्यांचा सवाल असे. त्यामुळे त्यांचं मनगटी घड्याळ आणि घरातलं भिंतीवरचं घड्याळ, दोन्ही कायम एक तास मागे. मी चांगी बिझनेस पार्कमध्ये चाळीस माणसांच्या पाळ्या लावते आणि पाच मिनिटं उशीर झाला तरी बोलते. पण त्या बांबूपुढे मी मुकाट मान डोलवायची, कारण तेवढ्या उन्हात वाद घालणं मला परवडत नाही.

भावोजी सांगलीकडचे, शेतकीचे पदवीधर. बेटाच्या टोकाला, लिम चू कांगला, एका चिनी मालकाचं पालेभाज्यांचं शेत सांभाळायला तीन वर्षांच्या बोलीवर आले आणि तिथेच रुजले. शेतावरच पत्र्याच्या छपराचं दोन खोल्यांचं घर, शेजारी पॅकिंगची शेड. गल्लीत एका अंगाला बेडूक पाळणारं कुटुंब, दुसऱ्या अंगाला शेळ्या, समोर शोभेचे मासे. चोआ चू कांगच्या आमच्या फ्लॅटपासून हे सगळं वीस मिनिटांवर, पण भावोजी फोनवर "आम्ही गावाकडची माणसं" अशा थाटात म्हणायचे, की जणू मधे दोन घाट लागत असावेत. माझा मुलगा एकदा इथल्या पोरांसारखं शेवटी 'लाह' लावून त्यांना म्हणाला, "काका, सिंगापूरला गाव कुठे असतं, लाह?" भावोजींनी त्याला खताच्या ढिगापाशी नेऊन खोल श्वास घ्यायला लावला. त्यानंतर त्याने हा प्रश्न पुन्हा काढला नाही.

गाव म्हटल्यावर राम राम आलाच. बेडूकवाल्यांना राम राम, शेळ्यांच्या डॉक्टरला राम राम, शेत बघायला आलेल्या शाळेच्या बसला एकगठ्ठा राम राम. त्या बाजूच्या रानात सैन्यातल्या पोरांचा सराव चाले. तोंडाला हिरवं-काळं फासून, अंगाला फांद्या बांधून ती पोरं झुडपांत तासन् तास दबा धरून असायची. भावोजींची नजर पानावरची अळी वीस फुटांवरून टिपणारी. ते कुंपणापाशी जाऊन एकेका झुडपाला राम राम घालत आणि आत काकडी पोचवत. एकदा म्हणे एक अख्खी तुकडी अशी उघडी पडली आणि त्यांच्या साहेबाने येऊन अतिशय आदबीने विनंती केली, की अंकल, निदान सोमवारी तरी आम्हाला ओळखू नका.

आमच्याकडे मात्र ते सहसा यायचे नाहीत. अकराव्या मजल्यावर अन्न पचत नाही, जमीन लांब पडते, हे त्यांचं शास्त्र. आम्हीच जायचो, आणि बारा वाजता जेवायला बोलावलं की हमखास फसायचो. आम्ही हातपाय धुऊन बसलेलो आणि भावोजी गुडघाभर बुटांत वाफ्यांमध्ये. "तुम्ही सरकारी बाराला आलात," ते लांबूनच ओरडत, "बसा, बारा वाजायचेत अजून."

आणि ताटं मात्र तयार असत, कारण जाऊबाई सरकारी वेळेवर चालायच्या. मालाची गाडी सरकारी, बस सरकारी, लेकीचा मेलबर्नहून येणारा फोनही कोणत्या तरी सरकारच्याच वेळेवर, मग मी एकटीने सूर्याशी संसार का करू, असं त्या भाकरी थापता थापता म्हणायच्या. एका घरात दोन वेळा. त्या उठायच्या पाचला, भावोजीही पाचलाच, पण त्यांच्या पाचला सरकारी सहा वाजलेले. जेवण गरम कोणाच्या वेळेला, दिवा कोणाच्या वेळेला, यावर वर्षानुवर्षं रोज नवा वाद. मी एकदा सरळ विचारलं, की जाऊबाई, दोघांतल्या एकाने माघार घेतली तर काय बिघडेल? त्या म्हणाल्या, "बिघडेल. सकाळचा तो एक तास माझा आहे. तो मी कुणाला देणार नाही."

मला वाटलं, पूजा करत असतील. पुढे एकदा माझे यजमान भारतात गेले होते तेव्हा मी शेतावर मुक्कामाला राहिले. पहाटे घरघर ऐकून बाहेर आले, तर शेतावरची लॉरी तळ्याभोवती मुंगीच्या पावलांनी प्रदक्षिणा घालत होती. स्टीअरिंगवर जाऊबाई, पदर खोचलेला, नाकाच्या शेंड्यावर चष्मा; शेजारी बेडूकवाल्यांची आंटी, थर्मास मांडीवर घेऊन. दोघींची भाषा एक नव्हती. आंटी तिच्या हॉकियन चिनीत ओरडायची, जाऊबाई मराठीत उत्तर द्यायच्या आणि लॉरी बरोबर वळायची. भावोजींना इतक्या वर्षांत आवाज आला नाही का? यायचा की. ते चहा पिताना मला म्हणाले, "बेडूकवाल्यांनी पंप बदलायला हवा. फार खडखडतो."

म्हणजे माझ्यावर गुपित आलं. जाऊबाईंनी शिकाऊ परवाना काढला, लेखी परीक्षा झाली, दर शनिवारी रीतसर मास्तरांकडे शिकवणी. भावोजींना सांगायचं काय, तर आज वहिनींकडे लोणच्याचं काम आहे. त्या वर्षी आमच्या घरी इतकं लोणचं घातलं गेलं, की अख्ख्या ब्लॉकला पुरलं असतं. प्रत्यक्षात एक बरणीही नव्हती. भावोजींनी चव मागितली तेव्हा मला लिटल इंडियातून विकत आणून तिचं झाकण बदलावं लागलं. एवढं करून जाऊबाई दोनदा नापास झाल्या. दोन्ही वेळा गाडी उलटी आत लावताना कडेच्या खांबाला धक्का.

तिसऱ्या वेळी त्यांनी ठरवलं, की लपवाछपवी बास, आणि नवऱ्याला सांगून टाकलं. भावोजींनी पूर्ण एक दिवस कुणाला राम राम घातला नाही. झुडपांनासुद्धा नाही. मग म्हणाले, गाडी कशाला हवी, लागेल ते सगळं इथे उगवतं. जाऊबाई म्हणाल्या, "मला उगवायचं नाही. मला जायचंय." कुठे, या प्रश्नाचं त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. तोवरची नऊ वर्षं त्या बसथांब्यापर्यंत दीड किलोमीटर चालत होत्या, नाहीतर भावोजींना सवड होईपर्यंत थांबत होत्या. उत्तर असायला आधी कुठे जाता यायला हवं. आणि भावोजींची भीती मला कळत होती. त्यांची लेक दोन वर्षांसाठी म्हणून शेतासमोरच्या रस्त्यानेच विमानतळावर गेली आणि मेलबर्नची झाली. रस्त्यावर त्यांचा राग होता, गाडीवर नव्हता. शेवटी आंटीने तोडगा काढला. कुंपणावरून त्यांना म्हणाली, "अंकल, शी गो, शी कम बॅक, लाह. यू ड्राइव्ह हर." आंटीपुढे भावोजींचं काही चालत नसे. ते म्हणाले, नेतो.

परीक्षा सव्वानऊला होती. हुकली तर पुढची तारीख काही महिन्यांनी, आणि जाऊबाईंनी मला बजावलं होतं, की चौथ्यांदा काही मी बसणार नाही, माझा तेवढा दम नाही. या दोघांच्या दोन वेळांवर विसंबण्याइतकी मी भोळी नाही. मी रजा टाकून आठलाच केंद्रावर हजर होते. सव्वाआठला लॉरी आत शिरली. एक तास आधी. मी म्हटलं, चला, यांना अक्कल आली. आम्ही कॅन्टीनमध्ये बसलो तर जाऊबाई भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतात, भावोजींच्या मनगटाकडे बघतात, पुन्हा भिंतीकडे. दोन्हीकडे तीच वेळ.

"अहो, तुमचं घड्याळ?"

"पुढे केलं. आजच्यापुरतं," भावोजी कोपीच्या, म्हणजे इथल्या कॉफीच्या, कपात बघत म्हणाले. "म्हटलं, तुझ्या परीक्षेत बांबू नको."

जाऊबाईंनी डोक्याला हात लावला. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याच्या वेळेत बोलायचं ठरवलं होतं. सव्वानऊमधून एक तास वजा करून त्यांना सव्वाआठ सांगितलं होतं, बिचाऱ्यांना हिशोब नको म्हणून, आणि भावोजींनी ते सरकारी सव्वाआठ धरलं. सकाळी निघायची घाई झाली तेव्हा जाऊबाईंना वाटलं, धास्तीने लवकर काढताहेत. दोघांनी एकाच दिवशी एकमेकांसाठी माघार घेतली आणि एकमेकांना न सांगता घेतली. असला घोटाळा याच दोघांना जमावा. माझ्या ऑफिसात कुणी असं केलं असतं तर मी लेखी खुलासा मागितला असता.

पण आता हातात एक तास होता आणि तो दोघांपैकी कुणाचाच नव्हता. पहिली दहा मिनिटं ते दोघं बसथांब्यावरच्या अनोळखी माणसांसारखे बसले. मग भावोजींनी विचारलं, की दोनदा नेमकं चुकलं कुठे? जाऊबाईंनी सांगितलं. उलटी घेताना मागचं चाक कुठे आहे तेच कळत नाही, मास्तर म्हणतात आरशात खांब दिसला की स्टीअरिंग फिरवा, पण खांब दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. भावोजींनी कोपीत बोट बुडवलं आणि टेबलावर दोन रेघा ओढल्या. "हा तिसरा वाफा, हा चौथा. मधे तू रोज भाजीची ढकलगाडी उलटी घालतेस का नाही? एक रोप तरी मोडलंस कधी?"

"ती हाताने ढकलायची असते."

"मागे बघतेस तेव्हा?"

जाऊबाई विचार करून म्हणाल्या, की नाही, मागे नाही बघत, डाव्या हाताची भाजी बघते, ती सरळ राहिली की सगळं सरळ.

"मग झालं. खांब म्हणजे भेंडी समज."

मी दुसरी कोपी आणायच्या निमित्ताने उठले आणि मुद्दाम लांबच्या रांगेत उभी राहिले. परत आले तेव्हा सगळं टेबल कोपीच्या वाफ्यांनी भरलं होतं आणि जाऊबाई सांगत होत्या, तळ्याच्या कुठल्या वळणाला लॉरी रडते. भावोजी म्हणाले, "म्हणजे तो पंप नव्हता?" एवढंच.

जाऊबाई पास झाल्या. खांबाला वाराही लागला नाही. सगळे सोपस्कार उरकले, लॉरीच्या काचेवर नवशिक्याचा नारिंगी त्रिकोण चिकटवला आणि परत येताना स्टीअरिंगवर त्याच बसल्या. पुढे तीन सीटा. मधली माझी, गिअरची दांडी माझ्या गुडघ्याशी. भावोजी खिडकीचं हँडल धरून. गल्लीचं वळण आलं. त्यांनी तोंडाने "डावीकडे" म्हटलं, हाताने दाखवलं, आणि जाऊबाई सरळ गेल्या. सरळ रस्ता दोन किलोमीटरवर संपतो आणि तिथे समुद्र आहे. छोटी जेटी, मासेवाल्यांच्या होड्या, पलीकडे मलेशियातल्या जोहोरच्या इमारती. नऊ वर्षांत दोघांपैकी एकानेही तो पाहिला नव्हता. जाऊबाईंनी हँडब्रेक ओढला, किल्ली पदरात बांधली आणि उतरून मागे न बघता टोकापर्यंत चालत गेल्या.

भावोजी जागेवरच होते. खिडकीचं हँडल न सोडता मला म्हणाले, "वहिनी, येईल ना?"

मी हळवी बाई नाही. मी म्हटलं, "किल्ली तिकडे आहे, भावोजी. नाही आल्या तर आपल्यालाच चालत जावं लागेल."

ते उतरले आणि गेले.

ते शेत आता नाही. मुदत संपली, मालकाने जमीन परत केली, आंटीचे बेडूक कुठे गेले ते मी विचारलं नाही. भावोजी-जाऊबाई सांगलीला आहेत. तिथेही गाडी जाऊबाईच चालवतात असं कळतं. कुणी त्यांचा विषय काढला की मी हे सगळं सांगून हसवते. माझ्या डोळ्यांपुढे मात्र लॉरीच्या काचेतून दिसलेले ते दोघं असतात. जाऊबाई हात लांब करून पलीकडच्या किनाऱ्यावरचं काहीतरी दाखवत होत्या, आणि भावोजी, हातभर अंतर सोडून, त्या दाखवतील तिकडे बघत होते. कसलीही दुरुस्ती न सुचवता.