गोड्या पाण्याची अर्धी बादली

दिल्लीच्या द्वारकेतल्या आमच्या नव्या सोसायटीत तेव्हा दोन तऱ्हेचं पाणी यायचं. एक बोअरचं, खारं. नळ कधीही सोडा, हजर. दुसरं टँकरचं, गोडं. ते एक दिवसाआड, आणि त्यासाठी चौथ्या मजल्यावरून बादल्या घेऊन धावत सुटायचं, कारण लिफ्टची नुसती पोकळी बांधून झाली होती. बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नसे, साबणाला फेस येत नसे, भांड्यांवर पांढरे डाग राहत. सगळी सोसायटी त्या पाण्याच्या नावानं बोटं मोडायची. खूश असलेला माणूस एकच, आमचे बाबा.

बाबा दिल्लीतल्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झाले होते. उभा जन्म त्यांनी एका झाडावर घालवला, तिवरावर. आता तिवर वाढणार खाडीच्या चिखलात आणि हे राहणार दिल्लीत! मग काय, सुट्टीत कोकणात जाऊन गुडघाभर चिखलात उभं राहायचं आणि बाकीचं वर्ष कागदात डोकं घालून बसायचं. एकदा परतताना त्यांनी ओल्या फडक्यात गुंडाळून चार बिया आणल्या. बिया कसल्या, रोपंच ती. या झाडाचं बी फळात असतानाच रुजायला लागतं. "घरून शिकून निघतं ते," बाबा म्हणायचे आणि मुद्दाम माझ्याकडे बघायचे. चारातलं एक जगलं. भाड्याच्या घरातून ते टेम्पोत, आईच्या शेजारी बसून, द्वारकेला आलं.

बाल्कनीत प्लॅस्टिकचा मोठा टब, त्यात चिखल, आणि चिखलात कमरेएवढं तिवराचं झाड. टबाला खाली भोक, भोकाला बूच. बाबा सकाळी बोअरचं पाणी भरायचे आणि संध्याकाळी बूच काढून सोडून द्यायचे. त्याला आमच्याकडे भरती-ओहोटी म्हणत. चिखलातून पेन्सिलीसारखी मुळं वर आली, तेव्हा त्यांनी आईला पोळ्यांवरून उठवून दाखवायला नेलं होतं. चिखलात हवा नसते, म्हणून हे झाड मुळं वर काढून श्वास घेतं. आत आलेलं जास्तीचं मीठ ते पानांवाटे बाहेर टाकतं. उन्हात पानावर बारीक कण चमकतात. डॉक्टरांनी बाबांचं मीठ तोडल्यावर एकदा आईनं त्यांना पान चाटताना पकडलं. "अहो, लाज वाटते का काही?" ती म्हणाली. बाबा म्हणाले, "तपासत होतो."

त्या वर्षी मी एका परदेशी कंपनीत लागले होते, आणि माझं डोकं जरा हवेतच होतं. पहिल्या पगारातून घरात वॉशिंग मशीन आणलं. त्याला खारं पाणी चालायचं नाही. टँकरचं पाणी आलं की आधी पिण्याचं, मग स्वयंपाकाचं, आणि उरलेलं माझ्या मशीनचं. त्यातली अर्धी बादली बाबा न बोलता झाडासाठी उचलायचे. मी चिडायचे. "खाऱ्या पाण्यातलं झाड ना ते? मग त्याला गोडं कशाला? लाड नुसते!"

ऐन मे महिन्यात बाबांच्या छातीत दुखलं. स्ट्रेचर जिन्यानं उतरवताना त्यांनी माझा हात धरला. "झाडाकडे बघशील? जगलं पाहिजे ते. उन्हाळाभर ते टँकरचं पाणी..." "बघते हो, बिल्कुल बघते," मी म्हटलं. वाक्य मी पुरं होऊ दिलं नाही.

बघितलंही. रोज सकाळी, ऑफिसला जायच्या आधी, बादली भरून बोअरचं पाणी घालत होते. लू, दिल्लीचा तो भाजून काढणारा उन्हाळी वारा, सुटली होती. संध्याकाळपर्यंत टब आटलेला असायचा, बूच काढलं तर थेंब यायचा नाही. मग मी आणखी एक बादली ओतायचे. गोडं पाणी वाचत होतं आणि मशीन फिरत होतं. खरं सांगते, मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटत होतं.

आठवड्यानं पानांच्या कडा करपल्या. मग पानं गळायला लागली. मी पाणी वाढवलं.

रोज संध्याकाळी मी हॉस्पिटलमध्ये बाबांसमोर स्टुलावर बसायचे. पहिला प्रश्न ठरलेला: "झाड कसं आहे?" आणि मी म्हणायचे, "मस्त! नवी पालवी आलीय." त्यांच्या हृदयाला धक्का नको, असं मी आईला सांगायचे. पण ते काही खरं नव्हतं. मला त्यांच्यापुढे चूक कबूल करायची नव्हती, एवढंच.

तीन आठवड्यांनी बाबा घरी आले. चार मजले, दर जिन्यावर खुर्ची टाकून बसत. घरात शिरले ते सरळ बाल्कनीत. झाडाची नुसती काटकी उरली होती. चिखलावर पांढरी साय धरली होती. बाबांनी वाकून ती बोटावर घेतली आणि जिभेला लावली. मी भिंतीला टेकून उभी होते. मला वाटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"पाणी उडून जातं," ते शांतपणे म्हणाले, वर्गात सांगावं तसे. "मीठ जागेवर राहतं. तू रोज त्यात भर घातलीस. खाडीत ते मीठ ओहोटीबरोबर धुऊन जातं. इथे ते काम आपलं टँकरचं पाणी करायचं." मग त्यांनी विचारलं, "आधी कडा करपल्या ना?"

"हो."

"तेव्हा चार बादल्या गोडं पाणी ओतून चिखल धुतला असता तर वाचलं असतं."

मी रडायला लागले. मशीन, पालवी, सगळं सांगून टाकलं. बाबांनी ऐकून घेतलं, बोट धोतराला पुसलं.

"अगं, रोज समोर येऊन बसत होतीस," ते म्हणाले. "विचारायचंस ना. मी होतो की."

दिवाळीच्या आधी बाबा गेले. तोपर्यंत मी त्यांना रोज काहीतरी विचारत होते. मला पाठ असलेलंसुद्धा.