लिंबाने न थांबलेला आवाज

आज अमरावतीहून अकोल्याला इलेक्ट्रिक टॅक्सीने आले. शेजारी अकरावीतली एक मुलगी कान दाबून बसली होती. तिची आई तिला सारखं लिंबू हुंगायला देत होती. "रोज गाडी लागते हिले. असंच राहिलं तं अकोल्याचा क्लास बंद करा लागते."

गाडीने वेग घेतला की मलाही एक बारीक, टोकदार शिट्टी ऐकू येत होती. चालक काका म्हणाले, "मले तं काहीच आयकू येत नाही, बाई." खरंच येत नसेल. वय वाढतं तसे इतके उंच स्वर ऐकू येईनासे होतात.

मी मुलीला सांगितलं, डोळे मीट आणि आवाज आला की हात वर कर. मोबाईलवर आवाजाचा आलेख सुरू करून तिच्या आईपुढे धरला. आलेखात टोक उठलं की हात वर. काकांनी वेग कमी केला की टोक खाली, हातही खाली. प्रत्येक वेळी.

"मंग सांगतलं काहून नाही?" आई म्हणाली.

"सांगतलं होतं ना. तू लिंबू देल्लं."

रेकॉर्डिंगसह तक्रार टॅक्सी कंपनीला पाठवली आहे. उत्तर येईपर्यंत पाठवत राहीन. बंद व्हायला हवा तो आवाज, तिचा क्लास नाही.

तुमच्यापैकी कोणाला हा आवाज येतो? किती वेगाला येतो, तेही लिहा. "लक्ष देऊ नका" हे उत्तर नको.